हो म्हणणारी माणसं

"तुमच्या घरचं कुणी असतं, तर त्याला घातलं असतं का यात?" बसवाल्या काकांच्या मुलीनं विचारलं.

प्रश्न काही नवा नव्हता. या खोलीत, या टेबलापलीकडून तो मला इतक्या वेळा विचारला गेलाय की त्याची चाहूल मला आधीच लागते. विचारणारं माणूस पाण्याचा पेला बाजूला सरकवतं, खुर्चीत जरा पुढे येतं, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघतं आणि मग विचारतं. आणि मी डोळ्याला डोळा भिडवून ताबडतोब म्हणते, "हो, घातलं असतं." त्यात खोटं काही नसायचं. मला खरंच तसं वाटायचं. घरचं कुणी आजारी नसताना असं वाटायला काही अडचणही नसते. आज मात्र मध्ये काही क्षण गेले. बाहेरून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं, ती कुरकुर कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन विरेपर्यंत मी गप्प होते. मग म्हणाले, "हो." पण मुलीला जे ऐकायचं होतं ते तिनं माझ्या गप्प बसण्यातच ऐकलं होतं. तिनं वडिलांची पिशवी उचलली. "चला बाबा." काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, अंगानं थोराड, बोलायला मऊ. आदल्याच दिवशी स्वतःहून हो म्हणून गेले होते. ते उठले, दाराशी थांबले आणि मलाच धीर द्यावा तसं म्हणाले, "तिचं मन नाही हो बाई. मी काय, मी कुठंही बसलो असतो."

दार लागलं. टेबलावर पाण्याचा भरलेला पेला तसाच होता. मी तो पिऊन टाकला. दुसऱ्यासाठी भरलेलं पाणी पिताना का कोण जाणे मला नेहमी चोरटं वाटतं. आदल्या संध्याकाळी मामाचा रिपोर्ट आला होता. मोठं आतडं, आणि यकृतावर गाठी. मी तो फोनच्या एवढ्याशा पडद्यावर उभ्या उभ्या वाचला, आणि वाचताना माझं डोकं आपोआप कामाला लागलं होतं: वय बसतं, आजार बसतो, आधी कुठलंही औषध घेतलेलं नाही, रक्त बरं आहे. म्हणजे रडू यायच्या आधी मला कळलं होतं की मामा आमच्या अभ्यासात बसतो. रडू नंतर आलं, भांडी घासताना.

अभ्यास हा शब्द माझा. लोक प्रयोग म्हणतात. मी या कॅन्सरच्या हॉस्पिटलात नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्ण मिळवते. कागदोपत्री माझं पद बरंच लांबलचक आहे, पण काम एवढंच. डॉक्टर सांगतात की अमुक रुग्ण चाचणीत बसू शकेल, मग मी त्याच्याशी आणि त्याच्या माणसांशी बोलते. सध्याची चाचणी सांगायला सोपी आणि पटवायला अवघड होती. नेहमीचं औषध सगळ्यांनाच मिळणार. निम्म्यांना त्याच्याबरोबर एक नवी गोळी. कुणाला मिळणार ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवणार. मी नाही, डॉक्टर नाही, रुग्ण तर नाहीच. इथंच गाडी अडायची. "म्हणजे नवीन औषध मिळेलच असं नाही?" नाही. "आणि ते बरं आहे की वाईट ते तुम्हालाही माहीत नाही?" नाही, माहीत असतं तर चाचणी कशाला केली असती. "मग आम्ही यायचं कशाला?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर होतं, आणि ते चांगलं होतं यातच काहीतरी गोम असावी. ते ऐकून लोक मान डोलवायचे, विचार करून सांगतो म्हणायचे आणि पुढच्या खेपेला मला बघून वर्तमानपत्र उघडायचे. बाहेरच्या हॉलमध्ये मी पाऊल टाकलं की खुर्च्यांमधून एक अगदी बारीक हालचाल व्हायची, वर्गात मास्तर प्रश्न विचारायला लागले की होते तशी. जे नियमात बसत नव्हते ते मात्र माझ्या मागे लागायचे. एक शिंपीणबाई होती, तिला अभ्यासात यायचंच होतं; तिच्या मूत्रपिंडाचा आकडा नियमापेक्षा किंचित वर होता. किंचितच. ती म्हणाली, "बाई, कापड थोडं कमी पडलं तर आम्ही जोड देतो की." मी तिला नाही म्हणून सांगितलं, आणि त्याच दुपारी नियमात चपखल बसणारा एक माणूस मला म्हणाला, "मला गिनीपिग करताय होय?" तेव्हा मनात आलं की या दोघांच्या शरीरांची अदलाबदल करता आली असती तर जगातलं बरंच शास्त्र पुढे गेलं असतं.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतात. त्या सकाळी त्यांनी मला बोलावलं तेव्हा त्या चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत होत्या. "बसवाले गेले?" गेले, मी म्हणाले. "अजून दोन हॉस्पिटलं चाचणीतून बाहेर पडली. माणसं मिळत नाहीत म्हणून. वर्षअखेरीला आढावा आहे, आकडा असाच राहिला तर गुंडाळतील." त्यांना चष्मा सापडला, पण त्यांनी तो डोळ्यांवर घेतला नाही. "औषध वाईट ठरून चाचणी बंद पडली तर मला काही वाटत नाही. निदान कळलं तरी. पण नुसती माणसं कमी पडली म्हणून? मग जे आले होते त्यांचं काय? त्यांचं काहीच नाही. ना हो, ना नाही." त्या असं म्हणाल्या आणि मला गाण्याच्या बाईंचे यजमान आठवले. बाई शाळेत गाणं शिकवायच्या, चाचणीत अगदी सुरुवातीला आल्या होत्या, आणि गेल्या. त्यानंतर त्यांचे यजमान मला औषधांच्या दुकानासमोर भेटले. बाकी काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "तिचा उपयोग झाला ना?" मी म्हणाले, "होणार." भविष्यकाळ वापरला होता मी. तो काळ आता माझ्या हातून निसटायला लागला होता.

संध्याकाळी मामाकडे गेले. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, वडिलांनी लवकरच दुसरं घर केलं, आणि मामा एक दिवस येऊन माझं दप्तर आणि मला उचलून घेऊन गेला. मामीला आधी विचारलं होतं की नाही, हे मी इतक्या वर्षांत विचारायचं धाडस केलेलं नाही. मामा सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायचा आणि जीवरक्षक म्हणूनही तोच. त्याच्या अंगाला कायम क्लोरीनचा वास, डोळे कायम लालसर. शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं माझा मामा पितो. इतर शिक्षक नव्या पोरांना म्हणायचे, घाबरू नका, काही खोल नाही. मामा काठावर उकिडवा बसून म्हणायचा, "खोल आहे. तुझ्या डोक्यावर आणखी दोन माणसं उभी राहतील एवढं खोल आहे. आता ऐक." आणि पोरं ऐकायची. काही रडत घरी जायची, त्यांना तो अडवायचा नाही. आता तो गॅलरीत खुर्चीवर बसला होता, पायावर चादर, आणि त्याचे ते रुंद खांदे कुणीतरी आतून हवा सोडल्यासारखे उतरले होते. मामी वाळलेले कपडे काढत होती आणि एकेका कपड्याला झटका देऊन घडी घालत होती. तिचा राग कपड्यांवर निघतो, लहानपणापासून बघतेय.

"ठके," मामा म्हणाला. मला सगळं जग एका नावानं ओळखतं, तो एकटा ठकी म्हणतो. "तुझा तो अभ्यास. त्यात मी बसतो का?"

मी त्याला अजून काही सांगितलं नव्हतं. सांगू की नको हे येताना संपूर्ण रस्ताभर चाललं होतं. सांगितलं तर तो माझ्यासाठी हो म्हणेल. नाही सांगितलं तर ज्या गोष्टीसाठी मी परक्यांच्या मागे लागते ती घरच्यापासून लपवली असं होईल. शिवाय तिसरंही काहीतरी आत होतं, त्याच्याकडे मी नीट बघत नव्हते: मला तो अभ्यासात हवा होता, पण गोळी मिळणाऱ्या निम्म्यांत हवा होता. चिठ्ठी नको होती मला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की कुठली बाजू बरी हे कुणालाच ठाऊक नाही, आणि माझ्या मनानं तर कधीच एक बाजू धरली होती.

"बसतोस," मी म्हणाले. "पण मी तुला काही सांगणार नाही. नात्यातल्या माणसानं सांगायचं नसतं. दुसरं कुणीतरी सांगेल."

"उंदीर-ससे संपले वाटतं तुमच्याकडचे," मामी टॉवेलला झटका देत म्हणाली.

"अगं, सशांना कुठं कॅन्सर होतो," मामा म्हणाला.

"होत असेल. ते सांगायला येत नाहीत म्हणून."

आमच्या विभागात माझ्यासारखं काम करणारी आणखी एकजण आहे. दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणतात. मामाशी धाकटी बोलली. मी नातेवाईक म्हणून टेबलाच्या पलीकडे बसले, मामाच्या डाव्या हाताला, मामी उजव्या हाताला. त्या बाजूनं मी ती खोली कधी पाहिलीच नव्हती. तिथून खिडकी दिसत नाही. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असते, त्यामुळे त्याचा चेहरा जरा काळोखात आणि आवाज तेवढा स्पष्ट. भिंतीवर लावलेलं शरीराचं चित्र नेमकं डोळ्यासमोर येतं, आतडी गुलाबी. आणि खुर्ची बुटकी आहे. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की खुर्ची बुटकी आहे. धाकटीनं बोलायला सुरुवात केली आणि तिच्या तोंडून माझी वाक्यं यायला लागली. मीच तिला शिकवली होती. कुठं थांबायचं, कुठं "घाई नाही" म्हणायचं, सगळं. वाक्यं खरी होती, एकही शब्द खोटा नव्हता, पण ती इतकी घासून गुळगुळीत झाली होती की ऐकणाऱ्याला पाय रोवायला जागाच नव्हती. मी मामाकडे बघितलं. तो उकिडवा बसल्यासारखा पुढे वाकून ऐकत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "समजा, मला गोळी मिळाली नाही. तरी मी कामाचा का?"

धाकटी गडबडली. हा प्रश्न आमच्या सरावात नव्हता. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तितकेच कामाचे, काका. गोळी घेणाऱ्यांना बरं वाटलं, तर ते कुणापेक्षा बरं वाटलं, हे तुमच्याशिवाय कळणार कसं?"

"बरोबर," मामा म्हणाला.

"मी नाही म्हणते," मामी म्हणाली.

खोली एकदम लहान झाली. धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मामी आवाज न चढवता बोलत होती, आणि आमच्या घरात मामीचा आवाज चढला नाही की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. "कुणी मला विचारलं नाही, पण बोलते. तुझं सगळं ऐकलं मी, पोरी. रक्ताला एक दिवस यायचं, वजनाला यायचं, फोटोला यायचं, नुसतं कसं वाटतंय ते सांगायला यायचं. येताना दोन बस, जाताना दोन बस. यांचे जे काय दिवस असतील ना, ते मला घरी हवेत. तुमच्या त्या निळ्या खुर्च्यांवर नकोत. आणि हे हो म्हणणारच. यांना जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. भाचीला तर नाहीच नाही."

मी उठले. कशी उठले आठवत नाही, खुर्चीचा आवाज झाला तेवढा आठवतो. "मी बाहेर थांबते," म्हणाले. बाहेर निळ्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. मी त्यांच्यात जाऊन बसले आणि कुणी वर्तमानपत्र उघडलं नाही, कारण माझं ओळखपत्र पर्समध्ये होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण आहे तुमचं?" मी म्हटलं, मामा. ती म्हणाली, "माझा भाऊ," आणि आम्ही दोघी समोरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मला वाटलं होतं मामीचं बोलणं लागलं म्हणून मी उठले. बसल्यावर लक्षात आलं की तसं नाही. तिचं म्हणणं खरं होतं म्हणून उठले. मी त्या खोलीत असेतो मामाचं हो त्याचं एकट्याचं नव्हतं. किती घरांमध्ये मी अशी बसले असेन, भाची नसताना भाचीसारखी, हसून, पाणी पुढे करून? आणि किती ठिकाणी एखादी मामी शेजारी बसून राहिली असेल, जिच्याकडे मी फक्त सौजन्य म्हणून बघितलं? तिनं येणं-जाणं करायचं, तिनं डबा भरायचा, तिनं बाकावर बसायचं, आणि आमच्या हिशेबात ती कुठंच नाही.

बऱ्याच वेळानं मामा बाहेर आला. सही केली होती. मामी मागून आली, ती कुणाशी बोलत नव्हती, तिनं पर्सचा चाप उघडला, लावला, परत उघडला. लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. मामा म्हणाला, "तुझ्यासाठी नाही हं, ठके. उगाच तसं मनाला लावून घेऊ नकोस."

"मग कशासाठी?"

त्यानं तळमजल्याचं बटण परत एकदा दाबलं. "मी तलावावर लागलो ना, तेव्हा आम्हाला शिकवलं होतं, बुडालेल्याला बाहेर काढलं की पालथं घालायचं आणि पाठ दाबायची. आम्ही तेच करायचो. मग काही वर्षांनी वरून माणूस आला, म्हणाला, ते सगळं विसरा. उताणं घाला, छाती दाबा, तोंडातून हवा द्या. त्यानं माणसं जास्त वाचतात." लिफ्ट थांबली, दार उघडलं, कुणीच उतरलं नाही. "आता हे कुणाला कसं कळलं असेल? कुणीतरी कुठंतरी बघितलं असणार, मोजलं असणार. पण त्याच्या आधी मी जेवढ्यांच्या पाठी दाबल्या, त्यातला एक पोरगा गेला. शाळेच्या सहलीला आलेला. पाठ दाबली म्हणून गेला, की तसाही गेलाच असता, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही." मग तो मामीकडे वळून म्हणाला, "चल, तुझी बस जाईल."

"माझी कशी? आपली," मामी म्हणाली. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्या दिवशी ती एवढंच बोलली.

चिठ्ठी निघाली. मामाला गोळी मिळाली नाही. निरोप धाकटीनं दिला, मी माझ्या टेबलाशी बसून दुसऱ्याच कुणाची तरी माहिती संगणकात भरत होते, आणि मला अचानक त्या यंत्राचा असा संताप आला की मी उठून प्रसाधनगृहात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आरशातली बाई शास्त्राच्या बाजूची होती. आतली नव्हती. मी मामाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मग मी जुन्यांत. बरं झालं, सवयीचं आहे." मामी मागून ओरडून म्हणाली, "नुसत्या सुया जास्तीच्या, मिळालं काही नाही, हे सांग तिला!" मामा म्हणाला, "ऐकलंस ना? मामी म्हणते नमस्कार सांग."

त्यानंतरचे महिने मी त्या दोघांना दोन्ही बाजूंनी पाहिलं, घरची म्हणून आणि हॉस्पिटलची म्हणूनही. मामी म्हणाली होती ते सगळं खरं ठरलं. ती दोघं सकाळी निघायची आणि दुपार टळून गेल्यावर परतायची. रक्त द्यायला पाच मिनिटं, बाकी सगळं थांबणं. मामा खुर्चीत डुलक्या काढायचा, त्याची मान मामीच्या खांद्यावर पडायची, आणि मामी खांदा न हलवता, कंबर न हलवता, ताठ बसून राहायची. एकदा मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "ठेव तिथं. हात काढला तर ते उठतील." चहा गार झाला. त्या दुपारी मी मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच बोलायला लागले. म्हटलं, आपल्याला वाटतं लोक औषधाला घाबरतात. काही घाबरतात. पण काहीजण फक्त दोन बसना घाबरतात. मधल्या तपासण्यांचं रक्त घराजवळच्या प्रयोगशाळेत का घेता येऊ नये? कसं वाटतंय हे फोनवर का विचारता येऊ नये? मॅडम म्हणाल्या, "नियमात तसं लिहिलंय." मी म्हटलं, "नियम आपणच लिहिले ना, मॅडम? लिहिणाऱ्यांत कुणाची मान कुणाच्या खांद्यावर होती?" हे वाक्य बोलल्यावर मला वाटलं माझी नोकरी गेली. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "बसा. नीट सांगा."

बदल मंजूर व्हायला वेळ लागला. समित्या असतात, त्यांच्यावर समित्या असतात. झाला पण. वर्षअखेरच्या आढाव्यात चाचणी गुंडाळली गेली नाही, तिला मुदतवाढ मिळाली, मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे "नाकाशी सूत धरून". घराजवळ रक्त देता येईल म्हटल्यावर काहीजण तयार झाले. फार नाहीत. मीही वेगळं बोलायला लागले होते. ती गुळगुळीत वाक्यं मी सोडून दिली आणि त्या जागी अडखळायला लागले. शेजारी बसलेल्या माणसालाही विचारायला लागले, तुम्हाला काय वाटतं, तुमचं काय काय अडेल. बऱ्याच जणांना रडू यायचं. काहीजण पूर्वी हो म्हणाले असते ते आता नाही म्हणाले, आणि तरी मला पराभव झाल्यासारखं वाटलं नाही. का वाटलं नाही, हे अजून मला धड सांगता येत नाही.

मामाला त्या बदलाचा फायदा थोडाच मिळाला. जुन्या औषधानं त्याला बरेच महिने धरून ठेवलं, मग एकाएकी सोडलं. शेवटचे काही आठवडे तो घरी होता, गॅलरीत, मामीला हवा होता तसा. एका सकाळी मी गेले तर मामी त्याचे पाय चेपत होती, आणि त्यानं मला जवळ बोलावून विचारलं, "पुरी झाली का तुझी माणसं?" मी म्हटलं, नाही अजून. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, होत आलीत. तो म्हणाला, "मग थांबायला पाहिजे." कुणी थांबायला पाहिजे ते त्यानं सांगितलं नाही. त्याच आठवड्यात तो गेला, दिवसाउजेडी, मामी त्याला भरवत असताना.

त्यानंतर काही दिवसांनी मामी हॉस्पिटलात आली. मामाच्या नेहमीच्या औषधातल्या उरलेल्या गोळ्या परत करायच्या होत्या. मी म्हटलं होतं मी घेऊन जाते, पण तिनं ऐकलं नाही. मी तिला शोधत हॉलमध्ये गेले तर ती निळ्या खुर्चीवर बसली होती, तिच्या नेहमीच्या जागी, आणि शेजारची खुर्ची सोडून पलीकडे एक तरुण बाई आणि तिचा नवरा. नवरा सावळा, किडकिडीत, हातावर सलाईनची पट्टी. धाकटी त्यांच्याशी बोलून नुकतीच गेली असावी, कारण बाईच्या मांडीवर आमचे कागद होते. मी खांबाच्या अलीकडेच थांबले. बाई मामीला विचारत होती, "तुम्ही पण होतात का या प्रयोगात?"

"अभ्यास म्हणायचं. नाहीतर इथल्या बायका चिडतात," मामी म्हणाली. "आमचे हे होते."

"बरे झाले?"

"नाही. गेले."

बाईनं कागद घट्ट धरले. मी पुढे व्हायला हवं होतं. रुग्णांच्या नातेवाइकांनी एकमेकांना सल्ला देऊ नये असं आमचं म्हणणं असतं. शिवाय मला भीती वाटली, मामीची आणि मामीसाठीही. पण मी खांबाआडच राहिले.

"गोळी घेऊन गेले?" बाईनं विचारलं.

"गोळी मिळालीच नाही त्यांना. चिठ्ठीत नाव नाही आलं. तुमचंही येईल असं नाही, आत्ताच सांगते. सुया जास्त टोचतात. थांबावं लागतं, पण आता पूर्वीइतकं नाही. एक मात्र आहे, कुणीतरी फोन करून विचारतं, झोप लागली का, जेवण गेलं का. आमच्या सख्ख्या दिरानं विचारलं नाही तेवढं."

"मग औषध चांगलं आहे की नाही, कळलं का शेवटी?"

"कुठचं? माणसं पुरी झाल्याशिवाय कळत नाही म्हणे."

"मग आम्ही काय करू?" बाई म्हणाली. "तुम्ही सांगा ना. हो म्हणू की नको?"

मामीनं पर्सचा चाप उघडला, लावला. "मी पहिल्या दिवशी नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "आज कुणी विचारलं तरी नाहीच म्हणेन. आमच्या ह्यांनी हो म्हटलं. त्यांना आज विचारलं असतं तरी ते होच म्हणाले असते. तर आता बघ बाई, आमच्या घरात दोन्ही झालं, आणि मला कुठलंच चूक वाटत नाही." मग तिनं मान वळवली, मला बघितलं, आणि जराही न दचकता म्हणाली, "ही आली. हिला विचार. ही आता खरं सांगते."

मी जाऊन त्या रिकाम्या खुर्चीत बसले. बाई माझ्याकडे बघत होती, मामी बघत होती. मी बाईला ओलांडून पलीकडे बघितलं, त्या पट्टीवाल्या हाताकडे, आणि तिच्या नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

सकाळपासून त्याला कुणी काही विचारलंच नसावं. तो आधी बायकोकडे बघायला लागला, मग जमिनीकडे. मग त्यानं घसा खाकरला आणि हळूहळू बोलायला लागला, आणि आम्ही तिघी ऐकत राहिलो.